पांघरूण घालणारे हात

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सिमेंटचा कट्टा आहे. सकाळी फिरून आलेली आम्ही पाच-सात मंडळी तिथे टेकतो, एकच वर्तमानपत्र पाने वाटून वाचतो आणि ऊन चढले की आपापल्या घरी जातो. २०२४ च्या मे महिन्यात मात्र ऊन चढले तरी कट्टा उठत नसे. विषय एकच होता. १९ मे रोजी, शनिवारची रात्र संपून रविवार उजाडायच्या आत, कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला उडवले. दुचाकीवरचे दोघेही प्राणास मुकले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले ते संगणक अभियंते होते, एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अवघ्या चोवीस वर्षांचे. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. बारावीचा निकाल साजरा करायला तो मित्रांबरोबर बाहेर पडला होता आणि दोन ठिकाणी मद्य घेऊन मग मोटार चालवायला बसला, असे पोलिसांचे म्हणणे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला आणि त्यात रस्ता अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्यावरून देशभर संताप उसळला. मग वडिलांना अटक झाली, आजोबांना झाली, पुढे आईलाही झाली. मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलला गेला आणि त्या जागी आईचे रक्त ठेवले गेले, असा आरोप पोलिसांनी ठेवला. त्यात डॉक्टरांनाही अटक झाली. गुन्हा अंगावर घे म्हणून घरच्या चालकावर दबाव आणल्याचाही आरोप झाला. जुलै २०२५ मध्ये, मुलावरचा खटला अल्पवयीन म्हणूनच चालेल, असा निर्णय बाल न्याय मंडळाने दिला. बाकीच्या आरोपांत खरे किती आणि खोटे किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ते आपण करू नये.

कट्ट्यावर मात्र निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. "असल्या बापाला आधी आत टाकला पाहिजे," एक जण म्हणाले. "पैसा बोलतो हो," दुसरे म्हणाले. "आपल्यासारख्यांच्या घरात असं होत नाही," असे तिसऱ्यांनी म्हटले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण त्या दिवशी मी फारसा बोललो नाही. आपल्यासारख्यांच्या घरात असे होत नाही, हे वाक्य ऐकताना मला आमच्याच इमारतीची गच्ची आठवत होती.

गच्चीवरची रात्र

३१ डिसेंबर २००९. मी तेव्हा सोसायटीचा चिटणीस होतो. मध्यरात्र उलटल्यावर रखवालदाराने दार वाजवले आणि हळूच म्हणाला, "साहेब, जरा वर या. पोरं आहेत." पाण्याच्या टाकीमागे चार मुले बसली होती. चौघेही आमच्याच इमारतीतले, पंधरा-सोळा वर्षांचे. बिअरच्या तीन-चार बाटल्या, एक चपटी, वेफर्सची पाकिटे आणि कोणीतरी घरून आणलेला स्टीलचा पेला. एक मुलगा कठड्याशी वाकून ओकत होता. त्याच्या पाठीवरून हात फिरवणारा मुलगा माझा होता. त्या वर्षी तो दहावीला होता.

त्या रात्री मी जे केले त्याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत असे. मी आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. बाटल्या पिशवीत भरल्या आणि स्कूटरवरून नेऊन दूरच्या कचराकुंडीत टाकल्या. मुलांना तोंडे धुवायला लावली, बडीशेप चघळायला दिली आणि एकेकाला त्याच्या मजल्यावर सोडले. रखवालदाराच्या हातात दोनशे रुपये ठेवले. त्याने ते आधी नको म्हटले, मग घेतले. मुलाला बजावले, "हे कोणाला कळता कामा नये. परीक्षा तोंडावर आली आहे." सकाळी तो उठेना तेव्हा पत्नीला सांगितले, "जागरणाने पित्त झालंय, झोपू दे त्याला." बाकी तिघांच्या घरी मी काहीच सांगितले नाही. सांगितले असते तर माझ्या मुलाचे नावही निघाले असते.

चार घरांची अब्रू आपण वाचवली, असे मी स्वतःला सांगत आलो. कल्याणीनगरच्या बातम्या वाचताना प्रथमच त्या रात्रीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावासा वाटला. पुरावा मी नाहीसा केला होता. साक्षीदाराचे तोंड पैसे देऊन बंद केले होते. आजाराचे खोटे कारण पुढे केले होते. तिकडे दोन जीव गेले होते, इकडे सुदैवाने कोणी कठड्यावरून खाली पडले नव्हते. हा फरक फार मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण तो फरक नशिबाने ठेवलेला होता, माझ्या वागण्याने नव्हे.

पहिला घोट कुठे मिळतो?

मुले बिघडली की आपण दोष द्यायला बाहेर पाहतो. पब, मित्र, चित्रपट, हातातला फोन. या सगळ्यांचा वाटा आहेच. वयाची खात्री न करता मद्य देणाऱ्यांवर कठोर कारवाई झालीच पाहिजे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. बारावीचा निकाल लागलेला कोणताही मुलगा यांपैकी कुठल्याच अटीत बसत नाही. तरीही त्याला पेला मिळतो, यात विकणाऱ्याचा गुन्हा उघड आहे.

पण मूल दुकानापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी दारू त्याच्यापर्यंत पोचलेली असते. मराठीत 'बसणे' या साध्या क्रियापदाला गेल्या पिढीत एक वेगळाच अर्थ चिकटला. "आज बसायचं का?" हा फोनवरचा प्रश्न पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. सुखवस्तू घरातला मुलगा दिवाणखान्यात बर्फ आणून देतो, चकण्याच्या बश्या मांडतो आणि पाहुण्यांची शाबासकी मिळवतो. गटारीच्या नावाने श्रावणाआधी काय काय चालते, हे त्याला सणावारांच्या बरोबरीने पाठ असते. बढती झाली, बसले. नोकरीत अन्याय झाला, बसले. थोडक्यात, आनंद असो वा दुःख, त्यावर मोठ्या माणसांकडे एकच उतारा आहे, हा धडा त्याने पाटीपेन्सिलीच्या वयात गिरवलेला असतो.

आणि वस्तीतल्या घराला नावे ठेवायचे कारण नाही. तिथे बर्फ आणि बश्या नसतात, पण "जा रे, एक क्वार्टर घेऊन ये" असे सांगणारा बाप असतो. दोन्हीकडे मुलाच्या हातून एकच काम करून घेतले जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार, डॉक्टरी सल्ल्याखेरीज मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाचा उपयोग मद्य विकायला, वाहून न्यायला वा पुरवायला करणे हाही पुढच्याच कलमाखाली तेवढाच गंभीर गुन्हा आहे. आपल्यापैकी किती जणांनी ही कलमे ऐकली आहेत? आणि ऐकली असती तरी आपल्या घराला ती लागू होतात, असे किती जणांच्या मनात आले असते?

दारूचा विषय चालला असताना स्कूटरचा विषय काढतो, तो यासाठी की दोन्हींची शाळा एकच आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. आज आपल्या बहुतेक स्कूटरींची इंजिने त्याच्या दुपटीहून मोठी आहेत. तरी संध्याकाळी आमच्या भागातल्या क्लासेसबाहेर पाहावे, अकरावी-बारावीची मुले अशाच स्कूटरींवरून येतात. किल्ली कोणी दिली? आपणच. "क्लासला उशीर होतो, पीएमपीची बस वेळेवर येत नाही, आणि जवळच तर जायचं आहे." २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात याबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे ठाऊक असूनही आपण किल्ली देतो आणि वर सांगतो, "पोलीस दिसले तर मागच्या गल्लीने ये." कायदा म्हणजे पाळायची गोष्ट नसून पकडले न जाण्याची गोष्ट आहे, हे मुलाला प्रथम आई-बापच शिकवतात. त्याच मुलाने उद्या बाटलीबाबतचा नियम पाळावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

'घरीच थोडी दिली तर?'

अलीकडे सुशिक्षित घरांत एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. बाहेर जाऊन काहीबाही पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेऊ दे, म्हणजे चोरून प्यायची ओढ राहणार नाही, युरोपात असेच करतात वगैरे. ऐकायला हे समंजस वाटते. मलाही एके काळी वाटले होते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला. १९०० हून अधिक शाळकरी मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा त्यांनी सहा वर्षे माग ठेवला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पालकांनी स्वतः मद्य दिल्याने मुलांचे रक्षण झाल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, ज्यांना घरून मद्य मिळाले ती मुले पुढे इतरांकडूनही ते मिळवू लागण्याची शक्यता अधिक दिसली. घरच्या पेल्याने बाहेरचा पेला थांबला नाही. त्याची वाट सोपी झाली.

वयाचे महत्त्व त्याआधीच लक्षात आले होते. अमेरिकेत सुमारे ४३ हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिण्यास आरंभ केला, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी मद्याच्या आहारी गेले होते. विशी गाठेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण, असे यावरून म्हणता येणार नाही. घरची परिस्थिती, आनुवंशिकता अशा इतरही गोष्टी त्यामागे असतात. पण मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि मोहाला आवर घालणारा त्याचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा पहिला पेला जितकी वर्षे पुढे ढकलता येईल तितकी ढकलावी, हा जुन्या माणसांचा हट्ट शास्त्रालाही धरून आहे.

आणखी एक आकडा पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १० ते १७ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के आढळले. मोठ्या शहरांतल्या काही वर्तुळांत ते याहून जास्त असेल. पण "सगळेच पितात, मी एकटाच मागासलेला" असे मुलगा म्हणतो तेव्हा त्याला शांतपणे सांगता येते की सगळे पीत नाहीत. बहुसंख्य मुले पीत नाहीत. तू ज्या चार जणांना 'सगळे' म्हणतोस, ते चारच आहेत.

सिंधूचे अश्रू आणि आपण

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मार्केट यार्डात भाजी घेताना गच्चीवरच्या त्या चौघांपैकी एकाची आई भेटली. जो कठड्याशी वाकून ओकत होता, त्याची. ते कुटुंब केव्हाच सोसायटी सोडून गेले होते. मुलगा कसा आहे म्हणून मी सहज विचारले. कॉलेजात असताना त्याची दारू वाढत गेली होती. शिक्षण सुटले, लग्न ठरून मोडले, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावे लागले. आता दीड वर्ष तो पीत नाही, नोकरी करतो. हे सांगून त्या म्हणाल्या, "भावजी, त्याने उपचारात असताना मला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुठे घेतली, कोण कोण होतं, तुम्ही कसं सांभाळून घेतलंत ते." मी काहीच बोललो नाही. त्यांनी पिशवीत मेथीची जुडी ठेवली आणि एवढेच विचारले, "तेव्हा आम्हाला कळलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आले असते. त्या रात्री मी त्यांचे दार वाजवले असते तर पुढचे सगळे टळले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण त्यांना सहा वर्षे उशिरा कळले. ती सहा वर्षे त्यांच्याकडून मी घेतली.

घरी आल्यावर मला 'एकच प्याला'ची आठवण झाली. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. तेव्हापासून शंभरावर वर्षे मराठी माणूस सिंधूसाठी रडत आला. सुधाकर बुडत जातो आणि ती निमूटपणे सोसते, झाकते, मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. त्या काळच्या पतिव्रतेच्या कल्पनेत हे बसणारे होते. आपणही ते थोर मानले आणि झाकणे म्हणजेच प्रेम, हे समीकरण मनाशी धरून बसलो. नवऱ्याच्या बाबतीत आज निदान काही बायका हे समीकरण नाकारतात. मुलाच्या बाबतीत मात्र आपण सारेच अजून सिंधू आहोत.

पुण्यात हे सांगणाऱ्यांची वाण नव्हती. १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले आणि अनिल अवचटांनी आपल्या लेखणीने व्यसनाचा प्रश्न घराघरांत पोचवला. व्यसन हा आजार आहे आणि तो एकट्याचा नसून घराचा असतो, हा विचार महाराष्ट्राला परिचित झाला तो अशा कामातून. नातेवाइकांनी खोटी कारणे सांगणे, उसने पैसे फेडणे, साहेबाला फोन करून "आज त्यांना ताप आहे" म्हणणे, हे सगळे व्यसनाला हातभार लावणारे असते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला कोणीही कार्यकर्ता सांगेल. माझे 'पित्त झालंय' त्याच जातीचे होते.

२७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट गेले. त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. निर्णयाविरुद्ध गदारोळ झाला आणि तो अमलात आला नाही. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात घोषणा झाली की गृहनिर्माण संस्थेच्या गाळ्यात मद्याचे नवे दुकान काढायचे असल्यास त्या संस्थेचे ना हरकत पत्र लागेल. हे चांगलेच झाले. सरकारने काय करावे हे सांगायला आपण तत्पर असतो. पण ते ना हरकत पत्र ज्याच्या सहीने नाकारले जाईल, तो चिटणीस म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी असणार. दुकानाला नाही म्हणणे त्याला सोपे जाईल. त्याची परीक्षा गच्चीवर आहे.

एकट्या पालकाचे काम नव्हे

पालकांनी लक्ष ठेवावे, असा उपदेश सगळेच करतात. पण एकटा पालक किती लक्ष ठेवणार? आई-वडील दोघे नोकरीला, मुलगा क्लासला, क्लास हडपसरला की कोथरूडला हेही कधी आठवत नाही. माझ्या मते, हा प्रश्न एकेका घराने सोडवायचा नाहीच. आईसलँडचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. १९९८ मध्ये त्या छोट्या देशातल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नशा होईपर्यंत प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांवर आले. त्यांनी काय केले? कायदे कडक केले, मुलांना रात्री बाहेर राहण्याच्या वेळा ठरवून दिल्या, खेळ आणि संगीतासाठी सरकारी पैसा दिला. आणि शाळाशाळांतून पालकांना एकत्र आणले. पालकांनी आपसात लेखी करार केले: आमच्या घरी कोणाच्याही मुलाला मद्य मिळणार नाही, एकमेकांच्या मुलांवर आमचे लक्ष राहील. शुक्रवारी-शनिवारी रात्री पालकांच्या टोळ्या पायी फिरू लागल्या.

हे वाचून मला हसू आले, कारण आपल्याकडे हे होतेच. चाळीत, वाड्यात, वस्तीत कोणाचाही काका कोणाच्याही पोराचा कान धरू शकत असे. फ्लॅट संस्कृतीत दारे लागली आणि दुसऱ्याच्या मुलाबद्दल काही सांगणे म्हणजे चुगली ठरू लागले. मी गच्चीवर गप्प राहिलो त्यामागे माझा स्वार्थ होता, तशी ही नवी रीतही होती. तेव्हा पालकांचे पहिले काम हे की मुलाच्या चार मित्रांच्या आई-वडिलांशी ओळख करून घ्यावी आणि एकमेकांना सरळ सांगावे, "माझ्या मुलाबद्दल काही दिसलं तर मला सांगा. मला राग येईल, तरी सांगा."

दुसरे काम घरातले. नियम आधी सांगावा, प्रसंग घडल्यावर नव्हे, आणि तो मोजक्या शब्दांत सांगावा: या वयात नाही, एक घोटही नाही. बाप स्वतः घेत असेल तर मुलाच्या हाताने बर्फ मागवणे त्याने आजपासून थांबवावे. सोडता आली तर उत्तमच. आणि त्या नियमाबरोबर एक वचनही द्यावे: "तरीही कधी अडकलास, तू प्यायला असशील किंवा गाडी चालवणारा प्यायला असेल, तर किती वाजले हे न पाहता मला फोन कर. मी न्यायला येईन. वाटेत एक शब्द विचारणार नाही. बोलायचं ते सकाळी बोलू." भीतीपोटी मुलगा प्यायलेल्या मित्रामागे स्कूटरवर बसू नये, एवढ्यासाठी हे वचन हवे.

तिसरे, त्या रात्री काय करावे. प्यायलेल्या मुलाची उलटतपासणी घेऊ नये. त्यातून भांडणापलीकडे काही निघत नाही. त्याला कुशीवर झोपवावे, एकटे सोडू नये. हाका मारून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत चालला असेल, अंग गार पडले असेल, तर लिंबूपाणी आणि कॉफीचे प्रयोग न करता तडक रुग्णालय गाठावे. लोक काय म्हणतील, हा विचार तिथे जिवावर बेततो.

आणि चौथे, सर्वांत अवघड, दुसऱ्या दिवशीची सकाळ. तेव्हा खोटे बोलू नये. आईशी नाही, आजीशी नाही, शाळेशी नाही. शिक्षा फार मोठी नसली तरी चालेल, पण तिच्यातून सुटका असू नये. ज्याची गादी घाण झाली त्याने ती धुवावी, ज्याचा क्लास बुडाला त्याने सरांना खरे कारण सांगावे, किल्ली ठरलेल्या मुदतीपर्यंत परत मिळू नये. मारहाण नको, अबोलाही नको. मूल आपलेच आहे हे त्याला कळले पाहिजे आणि चूक त्याची आहे हेही. ती चूक पुन्हा पुन्हा होत असेल, तर घरगुती उपायांत वर्ष न घालवता तज्ज्ञांकडे जावे.

मार्केट यार्डातल्या त्या भेटीनंतर मी माझ्या मुलाशी प्रथमच त्या रात्रीबद्दल बोललो. तो आता तिशीत आहे, पीत नाही, याचे श्रेय माझे नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मारलं नाहीत, त्याचं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. सकाळी आईला पित्ताचं सांगितलंत ना, तेव्हा मात्र मला कळलं की तुम्हालाच जास्त भीती वाटत होती." पत्नी स्वयंपाकघरात होती. तिने हे सगळे ऐकले. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि ते तिचे बरोबरच होते.

मागच्या डिसेंबरात मी ही हकीकत कट्ट्यावर सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग 'आपल्यासारख्यांच्या घरात असं होत नाही' म्हणणारे गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "आमच्या धाकट्याचंही एकदा असंच झालं होतं." त्यांच्यानंतर आणखी एक जण बोलले. ३१ डिसेंबरच्या रात्री गच्ची कुलूपबंद ठेवायची अशी सोसायटीची प्रथा होती. यंदा आम्ही कुलूप काढले, मुलांना वर बोलावले आणि आम्हीही वर गेलो. मसाला दूध होते, भजी होती, मुलांची गाणी आमच्या कानांना फार मोठी वाटत होती. बारा वाजून गेल्यावर मी सवयीने पाण्याच्या टाकीमागे जाऊन पाहिले. तिथे दोन मुले मोबाइलवर क्रिकेट पाहत बसली होती. "काय काका, चेक करताय का?" एकाने विचारले. मी म्हणालो, "हो."